दुरुस्तीचे ऑनलाइन माहितीसाठे : गाडीचे अवघड बिघाड शोधताना ते कितपत कामी येतात

चेक इंजिनचा दिवा लागलेली गाडी पहिल्यांदाच दुरुस्तीला आली असेल, तर तिचे निदान बहुधा तासाभरात होते. तीच गाडी दोन ठिकाणी फिरून, तीन भाग बदलून, तरीही तोच दिवा आणि तीच तक्रार घेऊन दारात उभी राहते, तेव्हा काम अवघड असते आणि मालकाचा धीरही संपत आलेला असतो. अशा गाड्यांसाठी मी गेली अनेक वर्षे दुरुस्तीच्या ऑनलाइन माहितीसाठ्यांची वर्गणी भरत आलो आहे. कोणत्याही कंपनीशी बांधील नसलेल्या गॅरेजला आज या सेवांवाचून अवघड निदान जमणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पडद्यावर सर्वांत ठळकपणे जे समोर येते तेच या साठ्यांत सर्वांत जपून वाचावे लागते, आणि ते न जपल्यामुळे चांगले भाग फुकट बदलले जाताना मी इतक्या वेळा पाहिले आहे की हा आढावा सविस्तर लिहावासा वाटला.

या साठ्यांची गरज का पडते, ते आधी सांगतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलवर्षापासून मोटारींना ओबीडी-२ ही निदानप्रणाली सक्तीची झाली आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना तशीच प्रणाली २००१ पासून लागू झाली. त्यामुळे स्कॅनर जोडायचे सोळा पिनांचे सॉकेट आणि बिघाड नोंदवणाऱ्या कोडची रचना सर्वत्र सारखी झाली. पी ०३०० हा कोड कोणत्याही कंपनीच्या गाडीत मिसफायरच (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणे) सांगतो. पण कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी ०१७१ चा अर्थ पहिल्या बँकेतले, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या गटातले, मिश्रण लीन आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी), इतकाच. हवा कुठून तरी न मोजता आत येते आहे, की पेट्रोल कमी पडते आहे, की मोजणारा सेन्सरच चुकतो आहे, हे त्या पाच अक्षरांत कुठेही नसते. पी ०४२० आला की एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद झाला असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास एक्झॉस्टच्या जोडात गळती असली तरी तोच कोड येऊ शकतो. कोड आणि कारण यांच्यामधले हे अंतर पूर्वी अनुभवी मेकॅनिक आपल्या स्मरणावर भरून काढत असे. आता गाड्यांचे इतके प्रकार आहेत की एका माणसाचे स्मरण पुरत नाही, आणि म्हणून अनेकांचे स्मरण एकत्र करून विकणाऱ्या या सेवा उभ्या राहिल्या.

त्यांचे ढोबळ प्रकार पडतात आणि वर्गणी भरण्यापूर्वी तो फरक समजून घेतलेला बरा. ऑलडेटा ही १९८६ साली सुरू झालेली सेवा मुख्यतः गाडी बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची माहिती देते: वायरिंगचे आराखडे, तपासणीच्या पायऱ्या, बोल्ट किती टॉर्कने आवळायचे ते आकडे. आयडेंटिफिक्सचे डायरेक्ट-हिट हे निदानाचा सल्ला फोनवरून देणाऱ्या सेवेतून वाढलेले असून, प्रत्यक्ष गॅरेजमध्ये खात्री झालेल्या दुरुस्त्या हा त्याचा गाभा आहे. मिचेल १ च्या प्रोडिमांडमधील शुअरट्रॅक हा विभाग खऱ्या दुरुस्त्यांच्या कामाच्या कागदांवरून तयार केलेला असून त्यातील नोंदी तक्रार, कारण आणि उपाय अशा तीन भागांत मांडलेल्या असतात. या तिघांखेरीज आयएटीएन हे १९९५ पासून चालत आलेले तंत्रज्ञांचे जाळे आहे. तिथे अडलेला माणूस प्रश्न मांडतो, जाणकार त्याला मापे घ्यायला सांगतात, आणि शेवटी नेमके काय निघाले ते त्याने कळवावे अशी अपेक्षा असते. मला स्वतःला हा शेवटचा प्रकार वाचायला सर्वांत वेळखाऊ आणि शिकायला सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यात चुकलेले तर्कही दिसतात.

आता एक गाडी सांगतो. चार सिलिंडरांची पेट्रोल गाडी, ऑटोमॅटिक गिअर, कोड पी ०१७१. तक्रार अशी की गाडी गिअरमध्ये ठेवून ब्रेकवर उभी केली की इंजिन थरथरते आणि पुढे काढताना एक झटका बसतो. आधीच्या ठिकाणी एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर असे दोन्ही बदलून झाले होते. मी साठ्यात गाडीचे मॉडेल आणि कोड टाकला, तेव्हा पहिल्या क्रमांकावर, तो भाग किती वेळा बदलला गेला ते दाखवणारी सर्वांत लांब पट्टी मिरवत, एअर फ्लो सेन्सरच होता. तो बदलणाऱ्याने डोळे मिटून काम केले नव्हते, हे मला तेव्हाच कळले. त्याने बहुधा हीच यादी वरून वाचली होती आणि पहिल्या ओळीवर थांबला होता.

मी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहिला. इंजिनचा कॉम्प्युटर आपल्या ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी देतो आहे, ते हा आकडा सांगतो. न्यूट्रलमध्ये आयडलला तो अधिक ९ टक्के होता, मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांना अधिक ४, आणि ब्रेक दाबून गिअर डी मध्ये टाकला की अधिक २५ च्या वर जाई. रेझ केल्यावर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्यावर, ट्रिम खाली येतो तेव्हा संशय हवेच्या गळतीवर जातो, कारण बाहेरून शिरणारी तेवढीच हवा इंजिन जास्त हवा ओढू लागले की एकूण प्रमाणात थोडी ठरते. याउलट पेट्रोलचा दाब कमी असेल तर रेझ केल्यावर आकडा वाढत जातो. म्हणून मी हवेच्या मार्गात धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र लावले. धूर कुठूनही आला नाही. गळतीची सगळी लक्षणे समोर आणि गळती मात्र सापडत नाही, अशी ती स्थिती होती.

मग मी पुन्हा साठ्याकडे वळलो, पण या वेळी कोड टाकला नाही. गिअरमध्ये असतानाच थरथर, न्यूट्रलमध्ये नाही, एवढेच लक्षण टाकले. यादीच्या पार तळाशी एकुलती एक नोंद होती. तिच्यात लिहिले होते की एअर फिल्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या रबरी पाईपच्या चुण्यांमध्ये खालून चीर असते, इंजिन स्थिर असताना ती मिटलेली राहते आणि गिअरचा भार आल्यावर इंजिन मागे झुकले की उघडते. मी धूर चालू ठेवून पहारीने इंजिन हळूच मागे रेटले. पाईपच्या पोटाखालून धुराची बारीक रेघ वर आली, हात सैल केला की थांबली, पुन्हा रेटले की पुन्हा आली. पाईप काढून वाकवला, तेव्हा दोन चुण्यांच्या मधल्या खोबणीत बोटभर लांबीची चीर होती. वरून पाहणाऱ्याला ती कधीही दिसली नसती. नवा पाईप बसवल्यावर डी मध्ये ट्रिम अधिक ३ वर स्थिरावला.

या एका गाडीत या सेवांचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. उत्तर त्या साठ्यात होते. ज्याने ते लिहिले त्या अनोळखी तंत्रज्ञाचा मी मनापासून ऋणी आहे. पण तो साठा ज्या क्रमाने उत्तरे मांडत होता, त्या क्रमात हे उत्तर शेवटचे होते. पट्टीची लांबी सांगते की या कोडवर कोणता भाग किती वेळा बदलला गेला. समोरच्या गाडीत तोच भाग बिघडला आहे की नाही, याबद्दल ती काहीही सांगत नाही. शिवाय अवघड गाडी आपल्याकडे येते तीच मुळी यादीतले पहिले दोन-तीन उपाय करून झाल्यावर. तेव्हा सोप्या कामांना वरून खाली वाचण्याची रीत ठीक असली, तरी अवघड कामाला यादी खालून वर वाचावी असे मी आता शिकाऊ मुलांना सांगतो.

आकड्यांवर इतका विसंबून का राहायचे नाही, याचे आणखी एक कारण आहे आणि ते या साठ्यांच्या घडणीतच आहे. कामाचा कागद बिल चुकते झाले की बंद होतो. त्यावर जो भाग लिहिलेला असतो, तो दुरुस्ती म्हणून नोंदला जातो. दिवा आठवड्याने पुन्हा लागला आणि मालक रागावून दुसऱ्या गॅरेजला गेला, तर पहिल्या कागदावर त्याची खूण उमटत नाही. तो चुकलेला उपाय यशस्वी उपायांच्या बेरजेत तसाच राहतो. ज्या सेवा नोंद घेण्यापूर्वी तंत्रज्ञाला विचारून खात्री करतात त्यांच्यात हा दोष कमी असतो, पण पूर्णपणे टळत नाही. म्हणून एखादी नोंद वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: हाच भाग खराब आहे हे त्याने कशावरून ठरवले? तिथे एखादे माप, दाब, व्होल्टेज, किमान हलवून पाहिल्याचा उल्लेख असेल, तर ती एक नोंद मला नुसत्या ‘भाग बदलला, दिवा गेला’ अशा दहा नोंदींपेक्षा मोलाची वाटते.

दुसऱ्या एका गाडीने हेच वेगळ्या बाजूने दाखवले. ती चालता चालता डॅशबोर्डवरचे निम्मे दिवे एकदम लावी, स्टिअरिंग जड होई, आणि मिनिटाभरात सारे पूर्ववत होई. कोड होते यू ०१०० आणि यू ०१२१, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) कॉम्प्युटरशी संपर्क तुटल्याचे. साठ्यातल्या बहुतेक नोंदींचा उपाय एकच होता: इंजिनचा कॉम्प्युटर बदलणे. तो महागडा भाग असतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्याला त्या गाडीशी प्रोग्रामिंग करून जुळवावे लागते, म्हणून तो मागवण्यापूर्वी मी त्याच सेवेतला वायरिंगचा आराखडा उघडला.

गाडीतले कॉम्प्युटर कॅन बस नावाच्या दोन तारांच्या जोडणीवरून एकमेकांशी बोलतात, आणि त्या तारांच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओमचा रोध असतो. ते दोन्ही समांतर असल्यामुळे बॅटरी सोडवून सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजले तर मीटरवर ६० ओम दिसायला हवेत. हे बहुतेक मेकॅनिकांना माहीत असते. पण या गाडीत ती दोन टोके नेमकी कुठे आहेत, तारा कोणत्या कपलरमधून (तारा जोडणाऱ्या प्लगमधून) जातात आणि तो कपलर शोधायला काय उघडावे लागते, हे आराखड्यावाचून कळत नाही. आराखड्याप्रमाणे एक टोक इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये होते. मीटर लावला, ६० ओम. सहकाऱ्याला मीटरकडे पाहायला बसवले आणि मी बॅटरीच्या ट्रेखालून जाणारी हार्नेस (तारांची जुडी) हाताने थोडी थोडी हलवत पुढे सरकलो. कॉम्प्युटरच्या कपलरपासून वीतभर अंतरावर आलो आणि तो ओरडला, ‘एकशे वीस!’ सोडले की साठ, दाबले की एकशे वीस. म्हणजे एक टोक सुटत होते. कपलर उघडल्यावर एका पिनेवर हिरवट गंज चढलेला दिसला. बॅटरीच्या बाजूने पाणी झिरपून तिथे साचत असावे. पिन बदलली, सील बदलले, आणि कॉम्प्युटर होता तोच राहिला.

मग इतक्या जणांनी कॉम्प्युटर बदलून दिवे गेल्याचे का लिहिले असेल, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याचे उत्तर मला असे वाटते की कॉम्प्युटर बदलण्यासाठी कपलर काढावा आणि पुन्हा बसवावा लागतो. त्या घासण्याने गंजलेल्या पिनेचा संपर्क काही काळ सुधारतो, गाडी बरी होते, आणि श्रेय नव्या भागाला जाते. त्या नोंदी लिहिणारे खोटे बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. म्हणून कोणत्याही कॉम्प्युटरवर संशय आला तर आधी त्याचा कपलर काढून नीट पाहावा, पिना स्वच्छ करून परत लावावा आणि गाडी दोन दिवस चालवून पाहावी, ही पायरी मी तेव्हापासून कधीही गाळत नाही.

यामुळेच, कोणती सेवा घ्यावी असे कुणी विचारले, तर मी दुरुस्त्यांच्या यादीपेक्षा आराखड्यांना अधिक गुण देतो. ज्या सेवेत वायरिंगचे आराखडे रंगीत आणि स्वच्छ आहेत, एखादी तार निवडली की ती टोकापासून टोकापर्यंत उठून दिसते, कपलर गाडीत कुठे आहे याचे चित्र आहे, आणि चांगल्या सेन्सरचे व्होल्टेज किती असावे हे सांगितले आहे, ती सेवा अनोळखी बिघाडातही उपयोगी पडते. दुरुस्त्यांची यादी फक्त पूर्वी कुणाला तरी आलेल्या बिघाडात उपयोगी पडते.

आराखडेही डोळे झाकून घ्यायचे नसतात. मी वापरलेल्या एका सेवेत, जिचे नाव इथे देत नाही, एका मॉडेलच्या आराखड्यातले तारांचे रंग प्रत्यक्ष गाडीशी जुळत नव्हते आणि त्यात माझी अख्खी दुपार गेली. मी त्यांना कळवले, उत्तरही आले, पण आराखडा पुढे अनेक महिने तसाच होता. गाडीचे नाव आणि वर्ष एवढेच टाकून शोधले की असे घोटाळे वाढतात. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या बाजारांत वेगळे इंजिन, वेगळे प्रदूषण-नियम आणि वेगळा कॉम्प्युटर घेऊन विकली जाते. डाव्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत हार्नेसचा मार्गही वेगळा असू शकतो. म्हणून सतरा अक्षरांचा चासी क्रमांक टाकून शोधण्याची सोय असेल तर तीच वापरावी. मात्र ज्या बाजारासाठी तो साठा तयार झाला आहे त्याबाहेरच्या गाडीचा क्रमांक तो पुष्कळदा ओळखतच नाही, हे वर्गणी भरण्यापूर्वी आपल्याकडे नेहमी येणाऱ्या चार-पाच गाड्यांवर तपासून घ्यावे.

गाडी बनवणाऱ्या कंपन्या आपल्या अधिकृत वर्कशॉपना जी तांत्रिक पत्रके पाठवतात, ती अवघड कामात फार मोलाची असतात, आणि पुष्कळ जण ती पाहतच नाहीत. काही बिघाड हत्याराने दुरुस्त होतच नाहीत. कॉम्प्युटरमधले सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीने बदलणे हाच त्यांचा उपाय असतो, आणि ते फक्त पत्रकात लिहिलेले असते. गिअर बदलताना बसणारा झटका किंवा थंड इंजिनाला उगाच येणारा मिसफायरचा कोड यांत मी पत्रक आधी पाहतो. अमेरिकेच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनच्या संकेतस्थळावर रिकॉल, उत्पादकांची पत्रके आणि मालकांच्या तक्रारी कुणालाही विनामूल्य पाहता येतात. तिथल्या तक्रारी मालकांनी आपल्या शब्दांत लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्यांतले निदान खरे मानू नये. पण बिघाड कोणत्या परिस्थितीत होतो याचे वर्णन त्यांत कधी कधी फार नेमके सापडते. ज्याला वर्गणी परवडत नाही त्याने आणि स्वतःच्या गाडीचे स्वतः पाहणाऱ्या मालकानेही सुरुवात इथूनच करावी.

शोधण्याच्या सवयीबद्दल थोडे. कोड आला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, फेऱ्या, भार आणि वेग काय होते ते कॉम्प्युटर फ्रीझ फ्रेममध्ये साठवून ठेवतो, आणि घाईत कोड पुसला की तेही पुसले जाते. मी तो तपशील आधी वहीत उतरवतो, मग मालकाला विचारतो की बिघाड गार इंजिनाला होतो की तापल्यावर, वळताना होतो की सरळ चालताना, पावसात होतो का, टाकी भरल्यावर होतो का. साठ्यात टाकण्याचे खरे शब्द हेच असतात. नोंदी बहुतांश इंग्रजीत आणि संक्षेपांत लिहिलेल्या असल्यामुळे एकाच लक्षणासाठी तीन-चार वेगवेगळे शब्द वापरून पाहावे लागतात. वळणावर इंजिन बंद पडणे हे कुणी थांबणे म्हणून लिहितो, कुणी पेट्रोल तुटणे म्हणून, आणि दोघांचा बिघाड एकच असू शकतो.

ज्याच्याकडे महिन्याला एखादीच अडलेली गाडी येते, त्याने वर्षभराची वर्गणी भरण्याची घाई करू नये. थोड्या काळासाठी घेता येते का ते आधी विचारावे. ज्याच्याकडे दर आठवड्याला अशी गाडी येते त्याचे पैसे उगाच बदलण्यापासून वाचलेल्या एखाद्या कॉम्प्युटरमध्येच वसूल होतात. पण मीटर नीट धरता येत नाही, व्होल्टेज ड्रॉप म्हणजे काय ते ठाऊक नाही, फ्युएल ट्रिम वाचता येत नाही, अशा हातात हा साठा दिला तर तो चुकीचे भाग अधिक आत्मविश्वासाने बदलायला शिकवतो, आणि तसे होताना मी पाहिले आहे. शिकाऊ मुलाला मी पहिले सहा महिने दुरुस्त्यांची यादी उघडू देत नाही, फक्त आराखडे उघडू देतो.

रबरी पाईपच्या गाडीची नोंद मी त्याच संध्याकाळी साठ्याला पाठवली. भागाचे नाव शेवटी लिहिले. त्याआधी न्यूट्रलमधला ट्रिम, गिअरमधला ट्रिम, इंजिन स्थिर असताना धूर न आल्याचे आणि पहारीने रेटल्यावर आल्याचे, आणि नवा पाईप बसवल्यानंतरचा आकडा, असे सगळे क्रमाने लिहिले. तळाशी असलेल्या त्या एकुलत्या नोंदीखाली आता दुसरी नोंद आहे.